रंगारी गेल्यावर

नव्या घरात शिरले की मी आधी चपला काढते. रंगारी डबे गोळा करत असतो, सुतार शेवटचं बिजागर बसवत असतो आणि घरमालक म्हणतात, "ताई, असू द्या पायात, खिळा लागेल." तरी काढते आणि हॉलच्या मध्यापर्यंत चालत जाते. तळव्याला जे कळतं ते नजरेला कळत नाही. लाकडाचा भुसा मऊ लागतो, वाळूची कच टोचते, पुट्टीची पूड असेल तर तळवा लगेच कोरडा पडतो आणि टाईल्सच्या सांध्यावर इपॉक्सीचा पापुद्रा राहिला असेल तर पाय किंचित चिकटतो. काम संपल्यावरही मी तशीच अनवाणी सगळ्या खोल्यांतून फिरते. आपल्या घरांत माणसं अनवाणी वावरतात, लहान मूल रांगतं, सणाला पंगत जमिनीवर बसते. घर स्वच्छ झालं की नाही याचा निकाल पायानंच द्यायचा, हे मी ठरवून टाकलंय.

साताऱ्यात २०११ पासून मी हे काम करते. बांधकाम किंवा दुरुस्ती संपली की घर राहण्याजोगं करून द्यायचं. सासर साताऱ्यात, माहेर सांगलीत, त्यामुळे दोन्हीकडची कामं येत गेली. सुरुवातीला आम्ही तिघी होतो, आता अकरा जणी आहोत. बहुतेकजणी त्याआधी रोजगाराला जायच्या. भांगलण, ऊसलागण, सोयाबीनची काढणी. त्यामुळे आमच्या हातातलं पहिलं हत्यार होतं खुरपं.

गोडोलीतलं पहिलंच घर. फरशीवर जागोजाग सिमेंटचे आणि पुट्टीचे गोळे वाळून बसले होते. आमच्यातल्या थोरल्या मावशींनी पिशवीतून खुरपं काढलं आणि बसल्या बसल्या सरकत तासाभरात अर्धा हॉल मोकळा केला. आम्ही खूश. संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन तिरपं आत आलं आणि फरशीवर अर्धगोल बारीक ओरखडे चमकायला लागले, शेतात खुरपं फिरतं तसेच. खुरप्याच्या पात्याखाली वाळूचे कण अडकले होते आणि प्रत्येक हाताला त्यांनी टाईलची चकाकी कापली होती. मालकांनी आरडाओरडा केला नाही. ते नुसते उकिडवे बसून त्या ओरखड्यांवरून बोट फिरवत राहिले. ते मला जास्त लागलं.

त्या रात्री मावशी जे बोलल्या त्यावर आमचं सगळं काम आजही चालतं. "रान वाळल्यालं आसलं तर खुरपं लागत न्हाय. वापसा येऊ द्यावा लागतो. ह्येला बी भिजू द्या की." दुसऱ्या दिवशी आम्ही प्रत्येक गोळ्यावर ओलं फडकं ठेवलं, अर्धा-पाऊण तास थांबलो आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं तो उचलला. पुट्टी तर लोण्यासारखी निघाली. तेव्हापासून आमच्यात 'वापसा' हा शब्द रुळला. काचेवरचा सिमेंटचा शिंतोडा, नळाभोवतीचा ग्राउट, चौकटीवरचा डिस्टेंपर, सगळ्याला आधी वापसा. काचेला कोरडं ब्लेड लावायचं नाही म्हणजे नाही. एक कण पात्याखाली आला की काचेवर वीतभर रेघ उठते आणि ती पुसून जाणारी नसते.

काम वरून खाली करायचं, हे कुणालाही सांगून कळतं. पण 'वर' म्हणजे कुठपर्यंत, ते हात घातल्याशिवाय कळत नाही. पीओपीच्या छताला दिव्यांसाठी जी खाच ठेवतात, तिच्यात पॉलिश पेपरनं घासलेल्या पुट्टीचा थर पिठासारखा बसलेला असतो. खालून तो दिसत नाही. पहिल्यांदा पंखा पाचवर लावला की सगळा खाली येतो, बहुधा वास्तुशांतीच्या दिवशी, भटजी आणि पाहुणे बसलेले असताना. कपाटांची डोकी, ड्रॉवरच्या पट्ट्या, स्विचबोर्डाच्या कडा, दाराच्या वरच्या बाजूची कधीच न रंगवलेली कड. एका हजार चौरस फुटांच्या फ्लॅटला आम्हा चौघींना दोन पूर्ण दिवस लागतात. पैकी पहिला दिवस माणसाच्या डोक्याच्या वरच जातो.

स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकबद्दल थोडं सांगते. ट्रॅकमध्ये पडलेलं पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून त्याला बाहेरच्या बाजूनं बारीक भोकं ठेवलेली असतात. गिलावा आणि रंग होईपर्यंत ती सिमेंटनं हमखास बुजतात. वरवर पुसून ट्रॅक स्वच्छ दिसतो. मग मृगाचा पाऊस येतो, ट्रॅक भरतो आणि पाणी आतल्या भिंतीवरून उतरतं. साताऱ्यात यवतेश्वरच्या बाजूनं पाऊस आडवा मारतो, तिथं तर पहिल्याच सरीला. लोक अॅल्युमिनियमवाल्याला बोलावतात, तो सिलिकॉन भरून जातो आणि भोकं आणखीच बंद होतात. आम्ही तार घालून प्रत्येक भोक मोकळं करतो, तांब्याभर पाणी ओततो आणि ते बाहेर पडलेलं बघूनच पुढच्या खिडकीकडे जातो.

मग रात्र जाऊ द्यायची. पहिल्या दिवशी कितीही पुसलं तरी हवेत तरंगणारी धूळ पहाटेपर्यंत पुन्हा खाली बसते. म्हणून दुसरा हात लागतो, रंगाला लागतो तसाच. हे लोकांना पटवणं सगळ्यात अवघड. रंगाचे दोन हात कुणी नाकारत नाही, सफाईचा दुसरा हात मात्र उगाच वाढवलेलं बिल वाटतं. त्यात आमचं झाल्यावर इलेक्ट्रिशियन येऊन टीव्हीसाठी भिंतीत भोक पाडतो, रंगारी 'टचअप' करतो आणि पुसलेल्या फरशीवर विटेची लाल भुकटी उडते. आता मी आधीच विचारून घेते, ड्रिल कुणाचं राहिलंय? आणि राहिलंच असेल तर भोकाच्या खाली कागदी पाकीट चिकटवायला लावते. सगळी भुकटी पाकिटात पडते.

या धुळीचं एक मला फार उशिरा समजलं, त्याची बोचणी आहे. वाळू, दगड, काँक्रीट, टाईल्स यांत सिलिका असते. कटर फिरला की तिचे इतके बारीक कण उडतात की ते दिसतच नाहीत. जी दिसते ती धूळ नाकात अडते. जी दिसत नाही ती फुप्फुसात खोल उतरते आणि तिथंच राहते. वर्षानुवर्षं ती आत गेली तर सिलिकोसिस होतो, आणि त्यावर औषध नाही. पहिली तीन वर्षं आम्ही नाकाला पदर बांधून कोरडा खराटा मारत होतो. खराट्यानं तर खाली बसलेली धूळ पुन्हा नाकाच्या उंचीला येते, आणि पदरातून ती आरपार जाते. एका ताईचा खोकला दोन महिने हटेना, तेव्हा डॉक्टरांनी "काम काय करता?" म्हणून विचारलं आणि समोर बसवून हे सगळं सांगितलं. तिचा खोकला बरा झाला. पण त्या दिवसापासून आमच्याकडे कोरडा झाडू बंद. आधी पाणी शिंपडायचं किंवा व्हॅक्यूम लावायचा, आणि तोंडाला एन-९५. मास्क उन्हाळ्यात घुसमटवतो, बायका कुरकुरतात. मी ऐकत नाही.

अॅसिडबद्दलही स्वतःच्या चुकीतूनच शिकले. बांधकामावर अॅसिड म्हणजे सगळ्या डागांवरचा उतारा. बाटली स्वस्त, सिमेंट फसफसून सुटतं, काम झटपट. शाहूपुरीतल्या एका बंगल्यात मी दोन बाथरूमना अॅसिड लावून धुऊन घेतलं आणि खिडक्या बंद करून आम्ही घरी गेलो. सकाळी दार उघडलं तर नवेकोरे नळ, शॉवर, टॉवेलची दांडी, सगळ्यांवर काळपट ठिपके. अॅसिडचा थेंबही तिथं पडला नव्हता. त्याच्या वाफेनंच रात्रभरात पॉलिश खाल्लं. टाईल्सच्या सांध्यांतला सिमेंटचा ग्राउटही बोटानं खरवडला जात होता. नळांचे पैसे मी भरून दिले, दोन महिन्यांची कमाई गेली. आज आमच्या सामानात अॅसिड असतं, पण ते फक्त माझ्या हातात. दहा ठिकाणी सौम्य औषध, पाणी आणि धीर पुरतो, तेव्हा एखाद्या ठिकाणी ते लागतं.

त्या धड्याचा उपयोग यादोगोपाळ पेठेतल्या एका वाड्यात झाला. दीड वर्ष दुरुस्ती चालली होती. सागवानी खांब तसेच ठेवून वर नवं छत घातलेलं, माजघराची शहाबादी फरशी जुनीच राखलेली. रंगाऱ्यांनी तिच्यावर भरपूर सांडून ठेवलं होतं. मुकादम म्हणाले, "अॅसिड मारा, दोन तासांत मोकळं." मी कोपऱ्यात एक थेंब टाकला. फरशी दुधासारखी फेसाळली. शहाबाद, कोटा, संगमरवर, हे चुन्याच्या जातीचे दगड. अॅसिड डागाला नंतर खातं, आधी दगडालाच. मुकादमांनी वाकून तो फेस बघितला आणि काही न बोलता बाटली उचलून बाहेर ठेवली. मग आम्ही सहा दिवस ती फरशी ओल्या गोणपाटाखाली भिजवत, लाकडाच्या पट्टीनं हातहातभर मोकळी केली. तुळयांवरची चुलीची काजळी मऊ फडक्यानं आणि अळशीच्या तेलानं उतरवली. काजळी गेल्यावर एका खांबावर खडूनं ओढल्यासारख्या पाच-सहा आडव्या रेघा दिसल्या, खालून वर चढत गेलेल्या. घरातल्या आजी म्हणाल्या, "ही पोरांची उंची. माझ्या दिरांची." त्या रेघांना आम्ही फडकं लावलं नाही.

सांगलीचं काम मात्र वेगळं, आणि ते लिहायचं म्हणून मी मुळात लिहायला बसले.

माझं माहेर गावभागात. कृष्णेचं पाणी किती आलं हे आमच्याकडे आयर्विन पुलाच्या फुटांत सांगतात. १९२९ सालचा हा पूल. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, तेव्हा याहून जास्त काय येणार, असं सगळे म्हणायचे. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या पुढे गेलं. आई-दादा विश्रामबागेत नातेवाइकांकडे गेले होते म्हणून सुखरूप. रस्ता सुरू झाला तशा आम्ही नऊ जणी साताऱ्याहून निघालो. गाडीत फावडी, वायपर, गमबूट, हातमोजे, ब्लिचिंग पावडर आणि प्यायचं पाणी.

बांधकामाची धूळ मला माहीत होती. पुराचा गाळ पहिल्यांदा बघितला. घरात चार बोटं जाड, करड्या रंगाचा, वर साय धरल्यासारखा आणि खाली साबणासारखा निसरडा. त्यात गटाराचं पाणी, डिझेल, मेलेली जनावरं, कुजलेलं धान्य. शेजारच्या काकू पायरीवर बसून होत्या. म्हणाल्या, "पाणी उतरतंय तसं त्याच पाण्यात गाळ ढकलत यायचं असतं गं. त्यानंच आणलं, त्यानंच न्यावं. ह्या वेळी घरात यायलाच मिळालं नाही." त्यांचं म्हणणं पुढच्या आठ दिवसांत पदोपदी पटत गेलं. ओला गाळ वायपरनं सरकतो. दोन दिवस वाळला की फावडं लागतं. आठवड्यानं त्याची पुट्टीसारखी पूड होते आणि मग ती महिनोन्‌महिने कपाटातून, वायरींच्या पाइपांतून, देवघराच्या कोनाड्यातून निघत राहते.

त्या गल्ल्यांतून फिरताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. ज्यांच्या घरात गेल्या चार-पाच वर्षांत नवं काम झालं होतं, त्यांचं नुकसान सगळ्यात जास्त. भुशाच्या फळ्यांची मॉड्युलर किचन भिजलेल्या पावासारखी फुगली होती, पीओपीची छतं खाली आली होती, सनमायका सुटून लोंबत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्या फर्निचरचे माणसापेक्षा उंच ढीग लागले होते. शहाबादी, दगडी ओटा, कडाप्प्याची मांडणी, सागवानी दारं धुतली की उभी राहत होती. नदीकाठच्या घराचं नूतनीकरण करणाऱ्यांनी तळमजल्याला काय लावायचं याचा विचार करावा, हे तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते. सफाईवालीनं हे सांगायचं का, असा चेहरा काहीजण करतात. पण तो फुगलेला भुसा हातांनी आम्हीच उचललाय.

त्या आठवड्यात एका गल्लीत मोठा अनर्थ टळला. एका घरात ब्लिचिंग पावडर मारून झाली होती आणि फरशीवरचे डाग जाईनात म्हणून पोरानं वरून अॅसिड ओतलं. त्या दोन्हींतून क्लोरीन सुटतो. उग्र वास, डोळ्यांतून पाणी, छाती आवळल्यासारखी. त्याला दंडाला धरून बाहेर ओढला आणि घर उघडं टाकून अर्धा तास रस्त्यावर उभ्या राहिलो. नंतर आमच्या दोघी दारोदार फिरल्या आणि सांगत सुटल्या, ब्लिचिंग आणि अॅसिड एका जागी आणू नका. आजही घरच्या संडासात लोक हे करतात. कृपा करून करू नका.

गणपती २ सप्टेंबरला होते. पाणी ओसरून जेमतेम पंधरवडा झालेला. लोकांना वाटत होतं, बाप्पा यायच्या आत घर पहिल्यासारखं दिसावं. कुणाला नाही वाटणार? भिंती पोटात पाणी धरून होत्या आणि त्यांच्यावर रंग चढला. मीही आईला थांबवलं नाही. तिला तेवढं एक हवं होतं. दिवाळीच्या आधीच सगळीकडून फोन, रंगाचे पापुद्रे सुटतायत, भिंतीला मीठ फुटलंय. आमच्या घरातली ती भिंत मी स्वतः तारेच्या ब्रशनं खरवडली आणि उन्हाळ्यापर्यंत तशीच उघडी ठेवली. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५४ फुटांच्या पुढे गेलं. त्या वेळी काकू वेळेत पोचल्या आणि उतरत्या पाण्यात झाडू मारत राहिल्या. त्यांचं घर चार दिवसांत धुऊन झालं.

सांगलीवरून आठवलं, हळदीच्या या गावात वास्तुशांतीनंतर पांढऱ्या फरशीवर हळद सांडली म्हणून मला घाबरून फोन येतात. साबणानं घासत बसू नका, ऊन लागू द्या. हळदीचा रंग उन्हानं उडतो. कुंकवाची मात्र काळजी घ्या.

आता पैशांचं आणि कागदांचं. बांधकाम कामगारांसाठी केंद्रानं १९९६ मध्ये कायदा केला, महाराष्ट्रात त्यांचं कल्याणकारी मंडळ आहे. १८ ते ६० वयाच्या कामगाराला नोंदणी करता येते, पण त्यासाठी मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. नोंदणी असली तर मुलांच्या शिक्षणाला, बाळंतपणाला, आजारपणाला मदत मिळते. आमच्या बायका वर्षाला दोनशे दिवस बांधकामावरच असतात. पण एका ठिकाणी दोन दिवस, दुसऱ्या ठिकाणी तीन. नव्वद दिवसांचा दाखला द्यायचा कुणी? एका कंत्राटदारांनी सरळ सांगितलं, "तुम्ही बांधकामातल्या नाही, साफसफाईतल्या." त्याच दिवशी त्यांच्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावर आमच्या चौघी गिलाव्याचे गोळे काढत होत्या. जोवर खिडकी उघडत नाही, नळाला पाणी येत नाही आणि जमिनीवर पाय ठेवता येत नाही, तोवर बांधकाम संपलेलं नसतं, आणि ते शेवटचं काम आम्ही करतो. तेव्हापासून मी शंभर पानी वही ठेवते. तारीख, पत्ता, कोण कोण होत्या, किती दिवस, आणि खाली मालकाची किंवा इंजिनिअरची सही. त्या वहीच्या जोरावर खेटे घालून चौघींची नोंदणी झाली. सातजणींची व्हायचीय.

तुम्ही घर बांधत असाल किंवा जुनं नवं करत असाल, तर अंदाजपत्रकात सिमेंट, फरशी, रंग यांच्या खाली सफाईची वेगळी ओळ लिहा. रंगाचा शेवटचा हात आणि वास्तुशांत यांच्यात चार दिवस मोकळे ठेवा. त्या दिवसांत पाणी आणि लाईट चालू असू द्या आणि ड्रिलवाल्याला आधीच मोकळं करा. आणि काम झाल्यावर आमच्यातली कुणी वही घेऊन दारात उभी राहिली, तर तिला सही द्या.